कामाची हमी आणि मजुरीची तारीख

नांदेड व लातूर जिल्ह्यांतील व्यापारी, जमीनदार व दानशूर गृहस्थ यांस सविनय सादर

संकटनिवारणाच्या वर्गणीसाठी समितीचे सभासद नांदेडच्या मोंढ्यात अथवा लातूरच्या गंजगोलाईत फिरू लागले म्हणजे एक प्रश्न त्यांस हटकून विचारला जातो. सरकार गोरगरिबांच्या रोजगारासाठी दरसाल कोट्यवधी रुपये खर्च करीत असते, त्याकरिता आमच्याकडून करही घेत असते. मग पुन्हा आमच्या दाराशी येण्याचे प्रयोजन काय? प्रश्न रास्त आहे. ज्याने पैसा द्यावयाचा त्याने तो कोठे जातो हे विचारलेच पाहिजे, आणि ज्याने तो मागावयाचा त्याने दयेचे नाव पुढे करून हिशेब चुकवू नये. यास्तव सरकारी रोजगाराच्या योजना कितपत फलद्रूप झाल्या, कोठे अडल्या, आणि त्या अडलेल्या जागी खासगी दानाने नेमके काय करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात यथामति केला आहे. समितीच्या जमाखर्चाचे पत्रक या अहवालात स्वतंत्र जोडलेले आहे. येथे केवळ धोरणाची चर्चा आहे.

प्रसंग

आपला प्रदेश अवर्षणाचा म्हणून प्रसिद्ध आहे. सन २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूर शहराची तहान भागविण्यासाठी सुमारे ३४० किलोमीटरवरील मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, ही गोष्ट कोणी विसरला नसेल. परंतु नऊच वर्षांनी, सन २०२५ मध्ये, याच प्रदेशावर उलट बाजूने आघात झाला. ऑगस्टात मुखेड तालुक्यात लेंडी नदीच्या पुराने गावे वेढली. सप्टेंबरात अतिवृष्टीने मराठवाडाभर उभे सोयाबीन पाण्याखाली गेले आणि नदीनाल्यांच्या काठची कित्येक शेते मातीसकट खरडून निघाली. राज्य सरकारने ७ ऑक्टोबर २०२५ रोजी ३१,६२८ कोटी रुपयांच्या साहाय्याची घोषणा केली. तीत एक तपशील असा होता की, खरडून गेलेल्या जमिनीस हेक्टरी ४७,००० रुपये रोख, आणि ती जमीन पुन्हा लागवडीस आणण्याकरिता हेक्टरी ३ लक्ष रुपयांपर्यंतचे काम रोजगार हमीतून.

या तपशिलाकडे जमीनदार वर्गाचे आम्ही विशेष लक्ष वेधू इच्छितो. रोजगार हमी ही केवळ भूमिहीनाच्या पोटाची गोष्ट आहे, असे आजवर आपण समजत आलो. आता शेतधन्याच्या शेतात माती परत यावयाची की नाही, हेही त्याच हजेरीपटावर ठरावयाचे आहे. मजूर कामावर टिकला तर जमीन उभी राहील; तो ऊसतोडीस निघून गेला तर मंजूर झालेले काम कागदावरच राहील. म्हणून योजना यशस्वी होते कशाने आणि फसते कशाने, हे जाणून घेण्यात धनी व मजूर या दोघांचाही सारखाच स्वार्थ आहे.

योजनेचा पूर्वेतिहास

दुष्काळात अन्न फुकट न वाटता काम देऊन मजुरी द्यावी, ही कल्पना नवी नाही. सन १८७६ ते १८७८ च्या घोर दुष्काळानंतर सर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखाली बसलेल्या आयोगाने १८८० मध्ये आपला अहवाल दिला व त्यावरून इंग्रजी अमलाखालील प्रांतांत दुष्काळसंहिता तयार झाल्या. त्या संहितांत काम होते, पण हक्क नव्हता. मजुरी जेमतेम जीव जगेल एवढीच ठेवावयाची, म्हणजे खरोखर गांजलेलाच मनुष्य कामावर येईल, असा त्यांतील हिशेब होता. तथापि त्या संहितेतही रयतेच्या हिताची जी कलमे होती ती रयतेस ठाऊक नव्हती. सन १८९६ च्या दुष्काळात पुण्याची सार्वजनिक सभा व लोकमान्य टिळकांचा 'केसरी' यांनी ती कलमे गावोगाव समजावून सांगण्याचे कार्य केले. कायदा पुस्तकात असून भागत नाही, तो चावडीवर वाचून दाखवावा लागतो, हा त्या उद्योगाचा धडा होय. नांदेड व लातूर हा मुलूख त्या काळी निजामाच्या राज्यात असल्यामुळे त्या चळवळीपासून दूर राहिला; तथापि तो धडा आपणांस आजही तितकाच लागू आहे.

स्वातंत्र्यानंतर घटनेच्या ४१ व्या अनुच्छेदाने कामाचा हक्क हे राज्याच्या धोरणाचे एक तत्त्व म्हणून मांडले. त्या तत्त्वास व्यवहाराचे रूप देण्याचा मान महाराष्ट्राकडे जातो. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यातील विसापूर येथे या कल्पनेचा प्रयोग केला. पुढे १९७२ चा दुष्काळ आला. पाझर तलाव, नाला बांध, रस्ते आणि खडी फोडणे अशी कामे राज्यभर निघाली. मे १९७३ मध्ये त्यांवर सुमारे ५० लक्ष माणसे राबत होती. राज्याची लोकसंख्या तेव्हा पाच कोटींच्या आसपास होती, म्हणजे दर दहा माणसांत एक माणूस दुष्काळी कामावर होता. सुकडी आणि मिलो ज्वारी हे शब्द ज्यांच्या तोंडी अजून आहेत, अशी वृद्ध माणसे आपल्या घरीही असतील. तीन वर्षे पिके बुडूनही शतकापूर्वीसारखी प्रेतांची रास महाराष्ट्राने पाहिली नाही, याचे पुष्कळसे श्रेय या कामांस दिले पाहिजे.

त्या अनुभवावरून १९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा संमत केला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. ग्रामीण भागातील जो प्रौढ मनुष्य अंगमेहनतीचे काम मागेल त्यास ते देणे सरकारवर बंधनकारक झाले. पुढे १९८३ मध्ये राजस्थानातील दुष्काळी कामांसंबंधी संजित रॉय यांनी चालविलेल्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, दुष्काळी कामावरही किमान वेतनाहून कमी मजुरी देणे ही घटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने निषिद्ध केलेली वेठ होय. जुन्या संहितेने जे औदार्य म्हणून दिले होते ते या निर्णयाने ऋण ठरले, आणि ऋण म्हटले म्हणजे ते मुदतीत फेडणे आले. सन २००५ मध्ये संसदेने हेच तत्त्व सबंध देशास लावून दर ग्रामीण कुटुंबास वर्षाकाठी १०० दिवसांची हमी दिली. तो कायदा फेब्रुवारी २००६ मध्ये प्रथम २०० जिल्ह्यांत सुरू झाला, त्यांत नांदेड होता. १ एप्रिल २००८ पर्यंत लातुरासह सर्व ग्रामीण जिल्हे त्याखाली आले.

आपण आधीच वर्गणीदार आहात

महाराष्ट्राच्या योजनेचा एक विशेष पुष्कळांच्या ध्यानात नसतो. तिचा पैसा कोठून उभारावयाचा हे कायदे करणारांनी आरंभीच ठरविले होते. दुकानदार, वकील, डॉक्टर, पगारदार इत्यादिकांकडून १९७५ च्या कायद्याने व्यवसाय कर घेण्यात येऊ लागला, तो मुख्यतः याच कामासाठी. बागायती जमिनीवर व शहरांतील मिळकतींवरही रोजगार हमीचा उपकर बसविण्यात आला. आणि या करांतून जेवढी रक्कम येईल तेवढीच राज्याने आपल्या तिजोरीतून घालावी असे ठरले. आपण जो व्यवसाय कर भरता, त्याचे मूळ पागे यांच्या या योजनेत आहे. सारांश, मोंढ्यातील आडत्या, बागायतदार आणि प्रस्तुत लेखकासारखा वकील हे तिघेही या हमीचे जुने वर्गणीदार आहेत. वर्गणीदारास हिशेब विचारण्याचा हक्क असतो. हा हक्क आपण फारसा बजावला नाही, ही खेदाची गोष्ट होय.

काय साधले, काय राहिले

हिशेब मांडावयाचा तर जमेची बाजू लहान नाही. अवर्षणाच्या वर्षी गाव ओस पडण्याचे प्रमाण घटले. स्त्रियांस पुरुषांच्या बरोबरीने दर मिळाला आणि त्या फार मोठ्या संख्येने कामावर आल्या. घराजवळ काम व हातात स्वतःची मजुरी, हे त्यांच्या वाट्यास पूर्वी क्वचितच आले होते. सन १९९० पासून फळबाग लागवड योजनेस जोडली गेली आणि कोरडवाहू जमिनीत आंबा, बोर, डाळिंब यांच्या बागा उभ्या राहिल्या. विहिरी, शेततळी आणि बांधबंदिस्ती यांचा लाभ तर प्रत्यक्ष शेतकऱ्यांसच झाला.

खर्चाची बाजूही तितक्याच स्पष्टपणे लिहिली पाहिजे. खोट्या नावांचे हजेरीपट, अर्धवट सोडलेले रस्ते, पहिल्याच पावसात गाळाने भरलेले तलाव, या तक्रारी जुन्या आहेत आणि त्या सर्वच निराधार नाहीत. सन १९८८ मध्ये मजुरीचे दर सुमारे दुप्पट झाले. पण त्यानंतर कामेच कमी उघडली गेली व हमीचे दिवस घटले. दर वाढला आणि दार अरुंद झाले, असा तो प्रकार. जलसंधारणाच्या कामांतही केवळ खर्चावरून फळ मोजता येत नाही, हे जलयुक्त शिवार योजनेवरून दिसून आले; तिच्यावर सुमारे ९,६३४ कोटी रुपये खर्च होऊनही गावे पाण्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण करण्यात व भूजल वाढविण्यात तिचा परिणाम अल्प झाला, असा निष्कर्ष महालेखापरीक्षकांच्या २०२० मध्ये सादर झालेल्या अहवालात नमूद आहे.

तथापि या सर्व दोषांहून मोठा आणि त्यांच्याहून कमी चर्चिला गेलेला एक दोष आहे. तो असा की, काम आज होते आणि मजुरी केव्हा येईल हे कोणासच सांगता येत नाही. आमच्या मते योजनेच्या यशापयशाचे मूळ येथे आहे.

मुदतीची हुंडी

व्यापारी वर्गास ही गोष्ट त्यांच्याच भाषेत सांगणे सोपे जाईल. मजुराने आठवडाभर माती वाहिली व हजेरीपट बंद झाला, म्हणजे सरकारने त्याच्या नावे मुदतीची हुंडी लिहून दिल्यासारखे झाले. सन २००५ च्या कायद्याने ती मुदत ठरवूनही दिली होती. मजुरी आठवड्याने, आणि कोणत्याही परिस्थितीत १५ दिवसांच्या आत द्यावयाची. मुदतीस जी पेढी हुंडी सकारीत नाही तिची पत बाजारात राहत नाही, मग तिची इमारत कितीही मोठी असो. सरकारच्या पतीची खेड्यात नेमकी हीच अवस्था झाली आहे.

हुंडी अडते कोठे? हजेरीपटानंतर कामाचे मोजमाप, मोजमापानंतर देयक, देयकानंतर संगणकावर निधीच्या हस्तांतरणाचा आदेश, त्यावर दोघा अधिकाऱ्यांची मान्यता, मग केंद्राच्या तिजोरीतून बँकेत आणि बँकेतून खात्यात, असा तिचा प्रवास असतो. सन २०२३ च्या आरंभापासून कामावरील हजेरी भ्रमणध्वनीवर छायाचित्र काढून नोंदविणे आणि २०२४ च्या आरंभापासून मजुरी आधार-संलग्न खात्यातच देणे सक्तीचे झाले. खोटी नावे रोखण्याचा हेतू स्तुत्य होय. परंतु ज्या तांड्यावर दूरध्वनीची लहर पोहोचत नाही, अथवा ज्या बाईच्या नावातील एक अक्षर दोन कागदांवर निरनिराळे पडले आहे, तेथे खऱ्या मजुराचीच हुंडी परत जाते.

आता या विलंबाची किंमत पाहू. सन २०२५-२६ साठी महाराष्ट्राचा दर दिवसास ३१२ रुपये होता. नवराबायको दोघांनी सहा दिवस पुरे काम केले तर त्यांची आठवड्याची मजुरी ३,७४४ रुपये होते. ही रक्कम हजेरीपट बंद झाल्यापासून ६० दिवसांनी मिळाली असे समजा. कायद्याने विलंबाची भरपाई ठरविली होती ती दररोज शेकडा ०.०५, आणि तीही सोळाव्या दिवसापासून. म्हणजे ४५ दिवसांचे ८४ रुपये २४ पैसे. इकडे घरात पीठ तर पहिल्याच आठवड्यास लागते. ते आणण्यासाठी तेवढीच रक्कम दरमहा दरशेकडा पाचाने उचलली, तर दोन महिन्यांचे व्याज ३७४ रुपये ४० पैसे झाले. फरक २९० रुपये १६ पैसे. म्हणजे भरपाई अगदी चोख मिळाली तरी, दोघांच्या आठवड्याच्या कष्टांतून एका माणसाची जवळजवळ एका दिवसाची मजुरी निव्वळ वाट पाहण्यात जाते. भरपाई मिळालीच नाही तर एक दिवसाहून अधिक.

याच ठिकाणी ऊसतोडीचा मुकादम सरकारवर मात करतो. मुखेड, कंधार, लोहा, अहमदपूर, जळकोट या डोंगराळ तालुक्यांतून दसरा-दिवाळीनंतर कोयते निघतात ते तेथील काम सुखाचे आहे म्हणून नव्हे. उघड्यावर पाल, रात्री-अपरात्री गाडी भरणे, मुलांची शाळा बुडणे, हे सर्व मजुरास ठाऊक असते. पण मुकादम उचल आधी देतो आणि सरकार मजुरी नंतर देते. पाडव्यास सालगडी ठेवताना आपणही काही रक्कम आधीच देता, कारण ती दिल्यावाचून माणूस बांधला जात नाही हे आपण जाणता. ज्याच्या घरात आठ दिवसांचे धान्य नाही त्याला दोन महिन्यांनी येणारे तीन हजार आज मिळणाऱ्या एक हजारापुढे फिके वाटतात. त्याला आळशी म्हणणे सोपे आहे. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही हाच हिशेब केला असता.

न्यायालयाचे मत आणि शेजारचा अनुभव

हे केवळ समितीचे मत नव्हे. स्वराज अभियान या संस्थेच्या दाव्यात, लातूर तहानलेले असतानाच, मे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला या योजनेचा निधी वेळेवर सोडण्याविषयी व विलंबाची भरपाई देण्याविषयी बजाविले. त्याच दाव्याच्या पुढील टप्प्यात, मे २०१८ मध्ये, पैसा केंद्राच्या टप्प्यावर अडला तरी मजुराची भरपाई चुकत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. सरकारातील एका खात्याने दुसऱ्याकडे बोट दाखवावे आणि मजुराने दोघांकडे पाहत बसावे, हे विधीस मान्य नाही.

आपल्या पूर्व सीमेस लागून असलेल्या तत्कालीन आंध्र प्रदेशात सन २०१० ते २०१२ या काळात आठ जिल्ह्यांत याची परीक्षाही झाली. काही मंडलांत मजुरी बोटाचा ठसा पाहून गावातच देण्याची व्यवस्था आधी केली व काहींत नंतर, आणि अर्थशास्त्रज्ञांनी दोहोंची तुलना केली. जेथे व्यवस्था सुधारली तेथे मजुरी लवकर पोहोचली व मधली गळती घटली. पुढील अभ्यासात असेही आढळले की, तेथील गरीब कुटुंबांच्या उत्पन्नात जी भर पडली तिचा मोठा भाग सरकारी कामातून नव्हे, तर खासगी कामाच्या वाढलेल्या मजुरीतून व रोजगारातून आला. सरकारी काम चांगले चालले म्हणून शेतावरचा रोजगार आटला नाही.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

पहिला आक्षेप जमीनदारांचा: हमीच्या कामामुळे ऐन सुगीत माणूस मिळत नाही. यात काही तथ्य आहे हे नाकारता येत नाही. मजुराला दुसरा पर्याय मिळाला म्हणजे दर वाढतो. परंतु मजूर मुळातच परमुलखात गेला तर तो सुगीत कोणत्याच दराने मिळणार नाही. गावात टिकलेला मजूर महाग पडेल, पण तो असेल. शिवाय डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने जुन्या कायद्याच्या जागी जो नवा कायदा संमत केला, त्यात हमीचे दिवस १०० चे १२५ करताना, पेरणी व काढणीच्या दिवसांत मिळून ६० दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची तरतूद केली आहे. या आक्षेपाचा विचार कायद्याने केला, एवढे निश्चित. मात्र त्याच कायद्याने महाराष्ट्रासारख्या राज्यावर खर्चाचा ४० टक्के भार टाकला आहे. हुंडी आता एकाऐवजी दोन तिजोऱ्यांतून सकारली जावयाची. त्यामुळे तारखेकडे डोळ्यांत तेल घालून पाहण्याची आवश्यकता पूर्वीहून वाढली आहे, घटली नाही.

दुसरा आक्षेप असा की, खासगी दानाने सरकारची उणीव भरून काढली तर सरकार अधिकच ढिले पडेल. हा आक्षेप आम्हास सर्वांत वजनदार वाटतो. याचे उत्तर दान करू नये हे नसून, दान अशा रीतीने करावे की त्याबरोबर सरकारच्या ऋणाचा लेखी पुरावाही तयार व्हावा. समितीच्या कार्यकर्त्यांस पुष्कळ गावांत असे आढळले की मजुराने काम मागितलेले असते, पण तोंडी. अर्जाची तारखेसह पोच त्याच्याजवळ नसते. १५ दिवसांत काम न दिल्यास बेकारी भत्ता देण्याचे बंधन जुन्या कायद्याने घातले होते, पण पोच नसेल तर १५ दिवस कोणत्या दिवसापासून मोजावयाचे? वकिली व्यवसायात एवढे वर्षानुवर्षे पाहिले आहे की, कागद नसलेला हक्क हा कुलूप नसलेल्या कोठारासारखा असतो.

तिसरा आक्षेप, दिलेला पैसा बुडेल. त्याचे उत्तर पुढील योजनेत आहे.

समितीची योजना

दान म्हणून वाटून टाकण्यासाठी समिती हा पैसा मागत नाही. तिला एक फिरता निधी उभारावयाचा आहे. ज्या मजुराचा हजेरीपट बंद झाला आहे, त्यास त्याच्या हजेरीच्या प्रतीवर गावच्या अथवा जवळच्या बाजाराच्या दुकानातून ज्वारी, तूरडाळ, तेल व मीठ एवढ्याच वस्तू उधारीने मिळाव्यात. उधारी त्याच्या येणाऱ्या मजुरीच्या अर्ध्यापर्यंतच असावी. व्याज मुळीच नसावे. आणि दुकानदारास समितीने हमी द्यावी. मजुरी खात्यात आली म्हणजे मजुराने उधारी फेडावी. कागदांतील चुकीमुळे अथवा मोजमाप कमी धरल्यामुळे मजुरी आलीच नाही, तर दुकानदाराचे नुकसान निधीने सोसावे. मजुरावर तगादा लावू नये.

या उधारीबरोबर तीन कागद सक्तीने होतील: काम मागितल्याची पोच, हजेरीची प्रत, आणि सोळाव्या दिवशीही मजुरी न आल्यास भरपाईचा लेखी अर्ज. तिन्ही कागद समितीचे स्वयंसेवक विनामूल्य लिहून देतील व त्यांची एक प्रत दप्तरी ठेवतील. अशा रीतीने प्रत्येक उधारी ही सरकारच्या मुदतीची नोंदही होईल. कोणत्या तालुक्यात हुंडी किती दिवसांनी सकारली गेली, हे वर्षाअखेरीस नावानिशी नव्हे पण दिवसांनिशी छापता येईल.

व्यापाऱ्यांस आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. फिरत्या निधीतील रुपया मजुरी १५ दिवसांत आली तर वर्षातून २४ वेळा उपयोगी पडतो. ती ६० दिवसांनी आली तर सहाच वेळा. म्हणजे सरकारचा विलंब मजुराचे व्याज खातो आणि त्याबरोबर आपल्या दानाचे तीन चतुर्थांश बळही खातो. म्हणून पैसा देणे आणि तारखेचा आग्रह धरणे ही दोन निरनिराळी कार्ये नव्हेत.

प्रार्थना

तरी व्यापारी बंधूंस प्रार्थना अशी की, त्यांनी निधीस यथाशक्ति रक्कम द्यावी, आणि ज्यांचे किराणा अथवा धान्याचे दुकान आहे त्यांनी या उधारीत सामील व्हावे. त्यांच्या वहीत मजुराच्या नावे एक पान उघडले गेले म्हणजे त्याची पतही उघडते. जमीनदार बंधूंस प्रार्थना अशी की, खरडलेल्या जमिनीच्या दुरुस्तीची कामे ग्रामसभेत वेळेवर मागावीत, ती कामे ऊसतोडीच्या टोळ्या निघण्यापूर्वी सुरू होतील असे पाहावे, आणि आपल्या शेतावरील हजेरीपट व मोजमाप वेळच्या वेळी पुरे होते की नाही याकडे स्वतः लक्ष द्यावे. अधिकाऱ्यापुढे मजुराचा शब्द अनेकदा हलका पडतो. आपला पडत नाही. त्या शब्दाची किंमत वर्गणीहून कमी नाही. इतर दात्यांस, विशेषतः जे आपल्या प्रदेशातून निघून पुण्या-मुंबईस अथवा परदेशी स्थायिक झाले आहेत त्यांस, प्रार्थना अशी की, त्यांनी एकदा मोठी देणगी देण्याऐवजी दरमहा लहान रक्कम द्यावी. कारण गरज आठवड्यागणिक येते.

कामाची हमी देणारा कायदा या महाराष्ट्राने देशाच्या कित्येक वर्षे आधी केला आणि त्यासाठी आपल्या व्यवसायावर व जमिनीवर कर सोसला. तो कायदा मजुराच्या चुलीपर्यंत पोहोचण्यास आता फार थोडे अंतर उरले आहे. हजेरीपट बंद होतो त्या सायंकाळपासून मजुरी खात्यात पडते त्या दिवसापर्यंतचे ते अंतर होय. ते दिवस मजुराच्या घरी उपासाने अथवा सावकारी व्याजाने जाऊ नयेत, एवढ्यासाठी हे निवेदन आहे. आपण त्याचा विचार करावा व येत्या हंगामातील कामे उघडण्यापूर्वी आपला संकल्प समितीच्या कार्यालयात नोंदवावा, ही नम्र विनंती.